क्लच-केबलची चिकित्सित आवृत्ती

मराठी समीक्षकांनी कादंबरीचा समाचार घेतला, नाटकाला धारेवर धरलं, नवकवितेच्या तर ते हात धुऊन मागे लागले. पण ज्या वाङ्मयप्रकारावर माझं अर्धं आयुष्य पोसलं गेलं, त्याकडे एकाही समीक्षकानं ढुंकून पाहिलेलं नाही. हा प्रकार म्हणजे हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी सहा वाजता, अमृततुल्याच्या दारात, फटफटीला टेकून मारलेल्या गप्पा.

समीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. एक तर ते सहाला उठत नाहीत. आणि चुकून उठलेच, तरी ते बहुधा स्कूटरवाले असतात. स्कूटरला स्टेपनी असते. ज्याच्या पाठीशी स्टेपनी आहे, त्याच्या आयुष्यात नाट्य कुठून येणार?

तेव्हा ही कामगिरी माझ्यावर येऊन पडली आहे. माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. सांगतो. आमच्या टोळक्यात चौघे. बुलेट, येझदी, राजदूत आणि मी. पहिल्या तिघांना आईवडिलांनी ठेवलेली नावं आहेत, पण ती रेशनकार्डापुरती. राजदूतनं त्याची राजदूत २००३ साली विकली, आता तो चालत येतो. पण पदवी परत घेण्याची पद्धत आमच्यात नाही. मी १९८६ पर्यंत त्याच्याच मागच्या सीटवर बसून यायचो. मग मी शंभर सीसीची हिरो होंडा घेतली, आणि तिथेच माझा घात झाला. ती गाडी बंदच पडेना! थंडीत दुसऱ्या किकेला चालू व्हायची, लिटरमागे किलोमीटर देताना हात आखडायची नाही, आणि घाटात कधी रुसायची नाही. नऊ वर्षांत सांगण्यासारखी एक गोष्ट तिनं मला दिली नाही. निर्मितीचा झरा असा आटला की माणसापुढे एकच वाट उरते. मी समीक्षक झालो.

आता वाङ्मयप्रकाराची लक्षणं पाहू.

काळ : दिवाळीची पणती विझल्यापासून महाशिवरात्रीपर्यंत. थंडी 'शिव शिव' म्हणत गेली की मैफल बरखास्त. पुण्याच्या थंडीला हसू नये. थंडीवाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या इथल्या कचेरीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण ती १९२८ साली सिमल्याहून इथे हलली. येताना थोडी थंडी बरोबर घेऊन आली असावी, कारण १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. बुलेट त्या सकाळचं वर्णन इतकं अंगावर काटा आणणारं करतो, की ऐकणाऱ्यानं स्वेटरची बटणं लावावीत. बुलेटचा जन्म १९५१चा.

वेशभूषा : माकडटोपी, मफलर, आणि स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा कागद. गार वारा अडवायला कागदासारखं दुसरं काही नाही. राजदूत त्यासाठी नेहमी रविवारची साहित्य पुरवणी वापरायचा, कारण तिच्यातून काहीच आरपार जात नाही असा त्याचा अनुभव. आमचा छापील साहित्याशी संबंध तो एवढाच.

नांदी : गाडी चालू करणे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, आणि बॅटरीलाही अंथरूण सोडवत नाही. तिघांच्या या अडचणी असल्या तरी नांदी म्हणण्याची प्रत्येकाची ढब वेगळी. बुलेटची नांदी शास्त्रोक्त. आधी किक हलकेच दाबून दट्ट्या कुठे अडतोय ते पाहायचं, मग डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी दाबून आतला दाब सोडायचा, अमीटरचा काटा मध्यावर आणायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि मग सगळ्या देहानिशी एक लाथ. काटा चुकला तर तीच लाथ व्याजासकट नडगीवर परत येते. येझदीचा किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. किक मारून झाली की तो वळवून पुढे घ्यायचा. राजदूतची नांदी म्हणजे प्लग काढणे. पेट्रोलात ऑइल घालून पिणारी ती गाडी, प्लगला काजळी धरायचीच. राजदूत खाली बसून पॉलिश पेपरनं प्लग घासायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा. त्याच्या लग्नातसुद्धा अंतरपाट धरलेला असताना त्याच्या खिशात प्लग-पाना होता, अशी बुलेटची साक्ष आहे.

एवढं झाल्यावर तिन्ही गाड्या धडधडू लागल्या की समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ गॅलरीत येऊन आमच्या पूर्वजांचा उल्लेख करायचे. मग आम्ही गाड्या बंद करायचो आणि चहा सांगायचो. म्हणजे एवढी यातायात गाडी चालू करण्यासाठीच. ती चालू होते, एवढं सिद्ध झालं की जाण्याची घाई कुणालाच नसे. सिंहगडाच्या पायथ्याशी जायचं म्हणून निघालेले आम्ही चहाच्या चौथ्या कपाला घरी दूध न्यायचंय म्हणून पांगायचो.

आता आशय. इथे समीक्षकाला परखड व्हावं लागेल. या वाङ्मयात एकूण आठ कथा आहेत. नववी नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस हिवाळ्यांत त्याच आठ फिरून फिरून आल्या आहेत. बुलेटच्या तीन, येझदीच्या दोन, राजदूतच्या तीन. राजदूतच्या तिसऱ्या कथेला 'बॉबी'ची पार्श्वभूमी आहे. १९७३ साली तो चित्रपट आला आणि त्यातली राजदूतची ती चिमुकली गाडी तरुणांच्या मनात भरली. याची गाडी ती नव्हती. याची दूधवाल्यांकडे असते ती मोठी, पावणेदोनशे सीसीची. पण कॉलेजच्या दारात एक मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती म्हणतात. कथेच्या शेवटी ती मुलगी विचारते, "दूध आहे का हो म्हशीचं?" हा शेवट आम्हाला पाठ आहे, आणि तरी दर हिवाळ्यात आम्ही त्याला हसतो. ज्या वर्षी हसू कमी पडलं, त्या वर्षी राजदूतनं म्हशीऐवजी गाय केली. बुलेटनं ताबडतोब आक्षेप घेतला आणि पुढच्या रविवारी म्हैस पूर्ववत झाली.

पण ज्या कथेसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती येझदीची क्लच-केबलची.

डिसेंबर १९७८. येझदीचं नुकतंच लग्न झालेलं. मागच्या सीटवर वहिनी. महाबळेश्वरहून परत येताना क्लचची केबल तुटते. वाटेत गॅरेज नाही, माणूस नाही, जीवघेणी थंडी. आणि हा वीर क्लचशिवाय फटफटी हाकत पुण्याला येतो. संपली कथा. सांगायला मात्र चहाचे दोन कप लागतात.

मी ही कथा ऐकू लागलो तेव्हा केबल वाईला तुटत असे. वाई ते पुणे, ऐंशी-नव्वद किलोमीटर; पराक्रम बेताचा. पुढे चार-पाच वर्षांनी ती पाचगणीला तुटू लागली. त्यामुळे पसरणीचा अख्खा घाट कथेत आला, त्याची वळणं आली, दरीकडे बघून डोळे मिटून घेणाऱ्या वहिनी आल्या. नव्वदीनंतर केबल थेट महाबळेश्वरला, वेण्णा तलावाच्या काठी तुटायला लागली. तिथे कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठतं हे खरंच आहे. तेव्हा स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरं हिम आलं, आणि केबल थंडीनं काकडून तुटली असं कारणही मिळालं. खंबाटकीत तेव्हा बोगदा नव्हता, म्हणून घाटात समोरून उसाचा ट्रक आला. एका हिवाळ्यात त्याला दिवे नव्हते. दुसऱ्या हिवाळ्यात ब्रेकही राहिले नाहीत.

आमच्या अमृततुल्यापासून भांडारकर संस्था काही फार दूर नाही. तिथे १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं बसून विद्वानांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली. बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली, जे सगळीकडे आहे ते संहितेत ठेवलं, मागाहून घुसलेलं काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत टाकलं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपल्या आजीनं सांगितलेली गोष्टसुद्धा परिशिष्टात गेली. मला वाटलं, हीच शिस्त आपण क्लच-केबलला का लावू नये? मी मनातल्या मनात सगळे पाठभेद मांडले. एक स्वतंत्र परंपरेतलं हस्तलिखितही मिळवलं, म्हणजे वहिनींची साक्ष. त्या म्हणाल्या, "अहो भावजी, केबल तुटली ती वाईच्या बाजारात. दोन तासांत बदलून मिळाली. मी तेवढ्यात वर्षाची हळद घेतली." सगळे पाठ ताडल्यावर शुद्ध संहिता उरली ती अशी : थंडी होती, येझदी होती, केबल तुटली, दोघं घरी पोचली.

इथपर्यंत ठीक होतं. पण समीक्षकाला आपला शोध खिशात ठेवता येत नाही. १९८८च्या हिवाळ्यात येझदी रंगात आला होता. अमृततुल्यात नवीन कामाला लागलेला पोरगा कपबशा विसळायच्या थांबवून ऐकत होता. ट्रक खंबाटकीच्या वळणावर आला होता. आणि मी म्हणालो, "अरे, पण येझदीला क्लचची दांडी न दाबताही गिअर पडतात. यात काय एवढं?"

मुद्दा बिनतोड होता, हे मला आजही म्हणायचं आहे. जावाच्या काळापासून त्या गाडीत अशी सोय आहे की गिअरचा दांडा पायानं दाबला की आतल्या आत क्लच आपोआप सुटतो. हाताची केबल तुटली तरी गाडी चालवता येते. थोडा धक्का बसेल, जागेवरून सुटताना पाय जपून उचलावा लागेल, इतकंच. म्हणजे आमच्या या वाङ्मयातली सगळ्यांत मोठी वीरगाथा ही म्हैसूरच्या कारखान्यानं आधीच करून ठेवलेली सोय होती.

कुणी बोललं नाही. पोरगा कपबशा विसळायला लागला. येझदीनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तू त्या दिवशी होतास का तिथे?"

त्यानंतर दोन हिवाळे त्यानं ती कथा सांगितली नाही. आठाच्या सात झाल्या. तुम्हाला वाटेल, आठात एक गेली तर काय मोठंसं? पण मैफलीचा तोलच गेला. बुलेटच्या तिसऱ्या कथेनंतर सगळे सवयीनं येझदीकडे बघायचे, तो चहात बघायचा, आणि मग राजदूत घाईघाईनं म्हैस काढायचा. बुलेटनं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "लेका, तुझी गाडी बंद पडत नाही म्हणून दुसऱ्यांच्या चालू गोष्टी बंद पाडू नकोस." माझ्या समीक्षेवर आजवर झालेली ही सर्वोत्तम समीक्षा.

तिसऱ्या हिवाळ्यात कथा परत आली. येताना माझ्यासकट आली. ट्रक वळणावर आला की येझदी थांबायचा, माझ्याकडे न बघता म्हणायचा, "आता काही विद्वान म्हणतील, येझदीला क्लच न दाबता गिअर पडतात. पडतात ना! पण मागे नवी बायको असताना पाडून दाखवा!" आणि हशा व्हायचा. माझा आक्षेप त्यानं गिळून पचवला आणि कथेचाच एक प्रवेश करून टाकला. प्रक्षिप्ताची चिकित्सा करायला गेलेला मी स्वतःच प्रक्षिप्त झालो.

१९९६ साली म्हैसूरचा तो कारखाना बंद पडला. येझदीनं गाडी सोडली नाही. जुन्या बाजारात एकेक सुटा भाग हुडकत तो तिला चालवत राहिला. पण चार वर्षांपूर्वी एका रविवारी तो आला नाही. शोधून काढला तेव्हा गाडी घेऊन दोन चौक पलीकडे उभा होता. गाडी चालू होती. कुठे वळायचं ते आठवत नव्हतं.

डॉक्टर, तपासण्या, गोळ्या सगळं झालं. मुलानं किल्ली काढून घेतली, आणि योग्य केलं. आता मुलगा त्याला रविवारी मोटारीतून आणून सोडतो. येझदी मोटारीतून उतरतो तो काखेत हेल्मेट घेऊन. पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, हेल्मेट कशाला?" तर म्हणाला, "मग मला तिथे उभं कोण करेल?"

नांदी आता उरलेली नाही. बुलेटच्या नव्या बुलेटला बटण आहे. आमच्यात एक तरुण पोरगाही येतो. २०२२ साली येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलं, त्यातली त्याची गाडी. इंजिनाला पाणी, पेट्रोलला इंजेक्शन, सहा गिअर. बटण दाबलं की चालू. आम्हाला काका म्हणतो, चहाचे पैसे द्यायला धावतो, आणि आठही कथा त्याला नव्या आहेत. असा श्रोता म्हातारपणी मिळणं भाग्याचं. गेल्या जानेवारीत तोच म्हणाला, "काका, ती केबलची सांगा ना."

येझदी खुलला. हेल्मेट सीटवर ठेवलं. "डिसेंबर अठ्ठ्याहत्तर. पाचगणी सोडली आणि..."

आणि थांबला.

सुरुवातीला वाटलं, रंगत आणण्यासाठी थांबलाय. मग त्यानं कपाकडे पाहिलं, मग हाताकडे. डाव्या हाताची बोटं क्लच दाबावा तशी मिटत होती, उघडत होती. पोरगा निरागसपणे म्हणाला, "मग पुढे काय झालं काका?"

बुलेटनं माझ्याकडे पाहिलं. राजदूतनंही पाहिलं. चाळीस वर्षांचे पाठभेद एकाच माणसापाशी होते.

चार दिवस आधी वहिनींचा फोन आला होता. "भावजी, तिथे त्यांना ती केबलची गोष्ट सांगत जा हो. घरी मी सांगते. पण माझी वाईतच संपते, आणि ह्यांना ती पुरत नाही."

माझ्यापाशी शुद्ध संहिता तयार होती. चार वाक्यं, सगळ्या पुराव्यांनिशी. मी ती बाजूला ठेवली. म्हणालो, "पाचगणी नव्हे रे. वेण्णा तलावापाशीच खाट्कन आवाज झाला." मग मी स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिम घातलं. पसरणीची वळणं घेतली, दोन-तीन जास्तच घेतली. वहिनींचे डोळे मिटवले. खंबाटकीत ट्रक आणला. दिवे काढले, ब्रेक काढले, आणि त्या सकाळी मला काय झालं कुणास ठाऊक, ट्रकवाल्यालाही डुलकी आणली. येझदी माझ्याकडे टक लावून बघत होता. एकेका वळणाला मान हलवत होता. ट्रक आला तेव्हा त्यानं पाय आखडून घेतला.

त्या वळणावर मी अडलो. इथे विद्वानांचा आक्षेप येतो. तो माझाच, आणि तो मला तोंडातून काढवेना. मी तो गाळून पुढे जाणार, तेवढ्यात येझदीच म्हणाला, अगदी स्वच्छ आवाजात, "पण काय रे, येझदीला क्लच न दाबता गिअर पडतात. यात काय एवढं?"

सगळी कथा पुसली गेली होती आणि नेमका माझा आक्षेप शिल्लक राहिला होता!

क्षणभर कुणाला काही सुचेना. मग बुलेट म्हणाला, "तू त्या दिवशी होतास का तिथे?"

येझदीनं प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, "नसेन बहुधा." आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघत तोच पहिल्यांदा हसला. मग आम्हीही हसलो. पोराला काही कळलं नाही, तोही हसला. त्याचं त्या वाङ्मयप्रकारातलं शिक्षण तिथे सुरू झालं असं मी धरतो.

समीक्षेच्या शेवटी मूल्यमापन करावं लागतं. दोष पुष्कळ आहेत. पुनरुक्ती आहे. स्त्रीपात्रांवर अन्याय आहे. वहिनींना हळद घ्यायचीसुद्धा मुभा दिलेली नाही. सुट्या भागांची वर्णनं पाल्हाळिक आहेत. तपशिलाच्या कसोटीवर तर आठांतली एकही कथा टिकणार नाही. पण मी आजवर एक गोष्ट चुकीची धरून चाललो होतो, की या कथा काय घडलं ते सांगण्यासाठी असतात. त्या अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवशी आमच्यातलं खरोखरच कुणी तिथे नव्हतं, आणि आता जो होता तोही नाही. मग ती ठेवायची कुणी? रविवारी सहाला येतील त्यांनी.

या हिवाळ्यापासून क्लच-केबल माझ्याकडे आहे. परिशिष्टांसकट सांगतो. विद्वानांचा आक्षेप येझदीसाठी मोकळा ठेवतो; काही रविवारी तो घेतो, काही रविवारी नुसता क्लच दाबत बसतो, मग आक्षेप पोरगा घेतो.

होतकरू समीक्षकांना आग्रहाचं निमंत्रण आहे. सकाळी सहाला यावं, छातीवर पुरवणी घालून यावं. स्कूटरवाले असले तरी चालतील. चहाचे पैसे मात्र ज्याचे त्यानं द्यावेत.